कंद आहे, फूल का नाही?

प्रश्न : कुंडीतल्या निशिगंधाला पहिल्या वर्षी चार दांडे आले. आता पात गवतासारखी माजली आहे, दांडा एकही नाही. खत कमी पडतंय का? (सातारा)

उत्तर : खत नव्हे, जागा कमी पडतेय. निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो. दांडा देऊन झाला की त्याच्या कडेने पिल्लं धरतात. कुंडीत ती दाटली की एकही पोसत नाही. युरिया देत असाल तर आधी थांबवा, त्याने पातच वाढते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी तोडा. पात वाळली की कुंडी पालथी करून गड्डा हाताने मोकळा करा, मुळ्या छाटा आणि कंद महिनाभर सावलीत, हवेशीर पसरून ठेवा. ही विश्रांती चुकवली तर उगवण मागेपुढे होते. मग निवड करा. दीड सेंटिमीटरपेक्षा जाड कंद यंदा फुलतील. बारीक कंद वेगळ्या कुंडीत वर्षभर पोसायचे. एप्रिल-मेमध्ये 12 इंची कुंडीत चारच कंद, टोक वर करून, 5 सेंटिमीटर खोल लावा. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता. ऊन निदान सहा तास हवं. गड्डा दर दोन-तीन वर्षांनी मोकळा करावाच लागतो.

प्रश्न : लाल अमरिलिसचा एकच मोठा कांदा आहे, पिल्लंच देत नाही. वाढवायचा कसा? (डोंबिवली)

उत्तर : कापून. त्या वर्षीच्या फुलावर मात्र पाणी सोडावं लागेल. थंडी सरताना, नवी पात फुटण्याआधी कांदा काढा. पावसाळ्यात कापला तर हमखास कुजतो. सुरी स्पिरिटने पुसून घ्या. मुळ्या आणि वरचा एक तृतीयांश भाग छाटून कांद्याच्या उभ्या आठ फोडी करा. प्रत्येक फोडीला बुडाच्या चकतीचा तुकडा हवाच, कारण पिल्लं तिथूनच फुटतात. चकती सुटलेली फोड फेकून द्या. फोडी एक दिवस सुकवून, पिळल्यावर पाणी न गळणाऱ्या कोकोपीटमध्ये, चकती खाली ठेवून अर्ध्याअधिक पुरा. बुरशी आली तर ओल जास्त झाली समजा. दोन-एक महिन्यांत पापुद्र्यांच्या मधे छोटे कांदे दिसतात. फूल यायला मात्र तीनेक वर्षं. कांदा विषारी आहे. हात धुवा, कुत्र्यामांजरांपासून दूर ठेवा.

प्रश्न : ट्यूलिपचे कंद पुण्यात वाढवता येतील? (पुणे)

उत्तर : वाढवता नाही, एकदा फुलवता येतील. त्यासाठी 12 ते 16 आठवडे फ्रिजमध्ये, फळांपासून लांब ठेवायचे. सफरचंद-केळ्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. पुढच्या वर्षीसाठी कंद पोसायला थंड वसंत लागतो, तो आपल्याकडे नाही. तीच कुंडी निशिगंधाला द्या.