थर्स्टनच्या सीमेचा ट्रॉपिकल भूमितीशी खरंच संबंध आहे का? (एम.एस्सी. गणित, खानापूर)

हो, अगदी आतून आहे. थर्स्टनची सीमा म्हणजे पृष्ठावरच्या सगळ्या हायपरबोलिक (ऋण वक्रतेच्या) रचनांच्या अवकाशाला अनंताशी जोडलेली कड. रचना अनंताकडे सरकली की लांब्यांमधली समीकरणं ट्रॉपिकल होतात, म्हणजे गुणाकाराच्या जागी बेरीज आणि बेरजेच्या जागी ‘मोठं ते’ येतं, आणि सीमेवर मोजमाप असलेली लॅमिनेशनं (एकमेकांना न छेदणाऱ्या रेषांचे समूह) उरतात. बेळगावात एम.एस्सी.ला शिकवताना मी पेनर या गणितज्ञाच्या लॅम्डा-लांब्यांपासून (छिद्रांना जोडणाऱ्या रेषांना दिलेल्या धन संख्यांपासून) सुरुवात करतो, कारण ते वहीत करून पाहता येतं. छिद्रं असलेल्या पृष्ठावर छिद्रं हे कोपरे असलेल्या चौकोनाच्या बाजूंच्या लॅम्डा-लांब्या ओळीने क, ख, ग, घ आणि कर्णांच्या च, छ घ्या. टॉलेमीचा नियम:

च × छ = क × ग + ख × घ

लॉगरिदम घेऊन सीमेपर्यंत नेलं की हे उरतं (आता तीच अक्षरं लॉगरिदमच्या सीमामूल्यांसाठी):

च + छ = (क + ग) आणि (ख + घ) यांतलं मोठं

लॅमिनेशन या रेषांना किती छेदतं, त्याचाही नियम नेमका हाच! बंद पृष्ठांसाठी मॉर्गन आणि शॅलन यांचं १९८४ चं काम वाचा; तिथे सीमाबिंदू म्हणजे पृष्ठाच्या मूलभूत ग्रुपच्या झाडांवरच्या (फांद्या फुटणाऱ्या, वेटोळं नसलेल्या अवकाशांवरच्या) क्रिया. मात्र एसएल(३, आर)सारख्या (३×३ मॅट्रिक्सच्या) ग्रुपांना झाडं पुरत नाहीत, युक्लिडीय बिल्डिंग, म्हणजे झाडांची जास्त मितींतली रूपं, लागतात.