पैसा कुणाच्या सांगण्यावरून हलतो, ते आधी बघ

प्रिय मुली,

ओहायोतल्या कम्युनिटी फाउंडेशनमध्ये, म्हणजे गावातल्या अनेकांनी ठेवलेला पैसा सांभाळून स्थानिक कामांना देणाऱ्या संस्थेत, तुला प्रोग्रॅम ऑफिसरची, अनुदानाचे अर्ज तपासायची, नोकरी लागली, फार आनंद झाला. तू विचारलं आहेस, अर्जांच्या गठ्ठ्यातून चांगली संस्था कशी ओळखायची. विचारायलाच हवं, पण त्याआधी एक बघून घे. ज्या तिजोरीतून तू देणार, तिच्यातलं किती तुमच्या समितीला स्वतःच्या विचाराने देता येतं?

पुण्यात तू सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, कामात होतीस. तिथे मामला सरळ होता. २०१३च्या कंपनी कायद्यातले नफ्याचे २ टक्के, पैसा एका कंपनीचा आणि मर्जीही तिचीच. इथे एका छपराखाली शेकडो घरांचे निधी नांदतात. गुंतवणूक एकत्र होते, पण करारनामा प्रत्येकाचा वेगळा. कुणी वडिलांच्या नावाने एकाच शाळेला शिष्यवृत्ती लावून ठेवलेली असते. कुणी निधी ठेवतो आणि दरवर्षी कुणाला द्यायचं ते स्वतःच सुचवतो. हा दुसरा प्रकार, डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंड, न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टने १९३१मध्ये सुरू केला. एकाच घराण्याच्या किंवा कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या खासगी फाउंडेशनला कायद्याने दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के वाटावे लागतात, या फंडांना तसं बंधन नाही. देणगीदाराला करसवलत पैसे टाकतानाच मिळते, मग ते दहा वर्षं पडून राहिले तरी कायदा काही विचारत नाही.

या सगळ्यातून उरतो तो बिनअटीचा निधी. वस्तीची गरज बघून फाउंडेशन स्वतःहून देऊ शकतं ते एवढंच, आणि बऱ्याच ठिकाणी हाच हिस्सा लहान असतो. त्यातही मुद्दलाला हात लावायचा नाही, वर्षाला ४-५ टक्के काढायचे. म्हणजे १ लाख डॉलरमागे जेमतेम ४-५ हजार. वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावरचा आकडा बघून हुरळून जाऊ नकोस.

म्हणून पहिल्या महिन्यात अर्ज बाजूला ठेव आणि करारनामे वाच. कंटाळवाणं काम आहे, वरिष्ठही म्हणतील, हे कशाला. वाचच. "शहरातल्या मुलांच्या आरोग्यासाठी" एवढंच लिहिलेला एखादा जुना निधी सापडतो आणि लक्षात येतं की तो निव्वळ सवयीने वर्षानुवर्षं एकाच मोठ्या हॉस्पिटलला जातोय. करारात तसं कुठेच लिहिलेलं नसतं.

या व्यवस्थेचा उगमच मुळी असल्या अडकलेल्या पैशात आहे. ओहायोतल्याच क्लीव्हलंड शहरातल्या क्लीव्हलंड ट्रस्ट या बँकेचा अध्यक्ष फ्रेडरिक गॉफ पेशाने वकील. श्रीमंतांची मृत्युपत्रं त्याच्या रोजच्या कामातली. देणारा जातो, काळ बदलतो, पण पैसा मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या अटीला बांधलेला राहतो, हे त्याला खुपायचं. २ जानेवारी १९१४ला त्याने क्लीव्हलंड फाउंडेशन उभं केलं, जगातलं पहिलं कम्युनिटी फाउंडेशन. वाटप एका समितीकडे दिलं आणि तिच्या काही सभासदांची नेमणूक महापौर आणि न्यायाधीशांच्या हाती ठेवली. एखादा हेतू कालबाह्य किंवा अशक्य झाला तर निधी दुसरीकडे वळवायचा अधिकार फाउंडेशनच्या मंडळाला असतो, तो याच विचारातून आला. तुमच्याकडेही तो असणार. वापरला जातो क्वचितच, कारण देणगीदाराच्या नातवंडांना कोण दुखावणार!

मात्र गॉफचं कौतुक करताना पुढची पन्नास वर्षं विसरू नकोस. १९३०च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या केंद्र सरकारच्या संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. काळ्या लोकांच्या वस्त्या, क्लीव्हलंडमधल्या सेंट्रलसारख्या, लाल रंगात गेल्या. लाल म्हणजे कर्ज द्यायला धोक्याची जागा. ज्या बँकिंगच्या दुनियेतून फाउंडेशनं निघाली, त्याच दुनियेने या वस्त्यांना घरासाठी कर्ज नाकारलं. घर नाही म्हणून मागे ठेवायला मिळकत नाही, आणि मिळकत नाही म्हणून निधी ठेवणाऱ्यांत त्या वस्तीतलं कुणी नाही. जुलै १९६६मध्ये क्लीव्हलंडमधलीच काळ्या लोकांची हफ वस्ती दंगलीत पेटली, चार माणसं गेली. इथे समन्यायाची, म्हणजे इक्विटीची, भाषा ऐकशील तेव्हा हे सगळं डोक्यात असू दे. नाहीतर ती नुसती सभेतली भाषा वाटते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. वस्तीतली खरी कामाची संस्था बऱ्याचदा तुझ्यापर्यंत पोचतच नाही. तिच्याकडे अर्ज लिहिणारा माणूस नसतो, ऑडिट परवडत नाही, कधी नोंदणीही नसते. संध्याकाळी मुलांना गोळा करून अभ्यास घेणारी एखादी बाई आणि तिच्या चार शेजारणी, एवढीच ती संस्था. क्लीव्हलंड फाउंडेशनच्या पैशावर २००३मध्ये नेबरहूड कनेक्शन्स सुरू झालं, ते याच लोकांसाठी. रहिवाशांच्या गटांना साधारण ५०० ते ५,००० डॉलरच्या लहान ग्रँट, आणि कुणाला द्यायचं ते ठरवणारी समितीही रहिवाशांचीच. त्यांचं काम कसं चालतं ते एकदा जाऊन बघ. मी होते त्या फाउंडेशनच्या समितीत आठ-नऊ सभ्य माणसं दुपारचं जेवण घेता घेता जे ठरवायची, त्यापेक्षा तिथले प्रश्न मला नेहमी धारदार वाटत आले. शेजाऱ्याला माहीत असतं, बाग कोण खरंच झाडतं आणि कोण फक्त फोटोपुरतं उभं राहतं.

नोंदणी नसेल तर एखादी नोंदणीकृत संस्था पैसे सांभाळायला तयार होते का बघ, ती वाट कायद्यात आहे. ५,००० डॉलरसाठी वीस पानी अहवाल मागू नकोस. आणि शक्य तिथे ग्रँट प्रकल्पाला न देता संस्थेलाच दे, म्हणजे भाडं, पगार, वीज, हिशेबनीस यासाठी. प्रकल्पाला पैसे मिळतात आणि दिवाबत्तीला मिळत नाहीत, या एका गोष्टीने लहान संस्था जेवढ्या बंद पडतात तेवढ्या कशाने पडत नसतील. खर्च आधी करा, पावत्या दाखवा, मग देऊ, ही पद्धत तर ज्यांच्या हाती आधीच पैसा आहे त्यांनाच झेपते.

एक फसवणूक मुद्दाम सांगते. तुमचे पैसे कुठे गेले याचा नकाशा कुणी दाखवला तर विचार, पत्ता कशाचा धरलाय? मुख्य कार्यालयाचा धरला तर सगळे ठिपके डाउनटाउनमध्ये पडतात. कामाच्या जागेचा धरला तर मोठ्या संस्था लिहितात "संपूर्ण काउंटी". दोन्हींतून काही कळत नाही. संस्थेची सूत्रं वस्तीतल्या किती माणसांच्या हातात आहेत, हा रकाना तूच घाल.

मोठ्या स्वप्नांबद्दल दोन शब्द. २००८च्या सुमारास क्लीव्हलंड फाउंडेशनने शहर, विद्यापीठ आणि मोठी हॉस्पिटलं यांना जोडून एव्हरग्रीन सहकारी संस्था उभ्या करायला मदत केली. कामगारच मालक, स्पेनमधल्या मोन्द्रागोन या कामगारांच्या सहकारी समूहाच्या धर्तीवर. पहिली लाँड्री २००९मध्ये सुरू झाली. सुरुवातीला हजारो रोजगारांची भाषा होती, प्रत्यक्षात झाले शेकड्यांत. पण २०१८मध्ये क्लीव्हलंड क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलने आपली लाँड्री त्यांच्याकडे चालवायला दिली. एवढं व्हायला दहा वर्षं लागली. तीन वर्षांच्या ग्रँटवर असलं काही उभं राहत नाही, म्हणून मुदत वाढवून घेण्यासाठी समितीशी भांडायची वेळ आली तर भांड. महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्यांना सहकाराचं अप्रूप नसतं, त्यामुळे सभासद बैठकीला येतात का, हे तू बरोबर विचारशील.

तेच फाउंडेशन २०२३मध्ये डाउनटाउन सोडून हफच्या वेशीवर मिडटाउनमध्ये नव्या इमारतीत गेलं. मला हे आवडलं. तरी नवी इमारत आली की आजूबाजूची भाडी चढू शकतात. तुमच्याकडे असलं काही ठरत असेल तर भाडेकरूंचं काय, हे बैठकीत तू विचार. नवीन माणसाने विचारलं तर कुणी मनावर घेत नाही, तेवढा फायदा वर्षभर असतो.

आणि नकार द्यायचा असेल तेव्हा फोन करून दे, कारण सांग. ठरावीक मजकुराचं पत्र धाडू नकोस.

करारनाम्यांत काही अडलं तर रविवारी सकाळी फोन कर. जुन्या निधींची कागदपत्रं कित्येकदा वकिलांच्या ऑफिसात पडलेली असतात, तिथून मागवायला वेळ लागतो, तेव्हा ती या आठवड्यातच मागव.

तुझी,
काकू