पाऊस पडतो इथं, व्याज वाढतं कुठं?

भाऊ, तुम्ही विचारलंय की सोसायटीत कोरडवाहूवाल्याला अन् ओलितवाल्याला पीककर्जाचा दर एकच, मग हवामान बिघडलं म्हणून गरीब देशांना जास्त व्याज का? कारण साधं आहे. पीककर्जाचा दर सरकार बांधून देतं. देश मात्र रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, विकून पैसा उभारतो; त्यांचा दर रोखे घेणारा ठरवतो, आणि तो पैसे परत येण्याची खात्री बघतो.

वादळ-पूर आला की करवसुली घटते, मदत अन् रस्ते-पुलांचा खर्च अंगावर येतो, निर्यात पडली तर डॉलरही आटतात. २०१७ मध्ये मारिया वादळानं डॉमिनिका या छोट्या देशाचं वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त नुकसान केलं. असं दिसल्यावर देणारा जोखमीचे पैसे आधीच व्याजात धरतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेज आणि सोआसच्या संशोधकांनी २०१८ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार, हवामानाचा धोका मोठा असलेल्या विकसनशील देशांना त्यापायी शंभरामागे वर्षाला सरासरी १.१७ जादा व्याज पडलं. दहा वर्षांत सरकारी कर्जावर सुमारे ४० अब्ज डॉलर! बंधाऱ्यांचा पैसा व्याजात जातो, म्हणून पुढचा पूर आणखी महागात पडतो.

पण सगळं खापर पावसावर फोडू नका. २०२२ च्या पुरानंतर देशांची पत ठरवणाऱ्या मूडीज या संस्थेनं पाकिस्तानचं मानांकन उतरवलं हे खरं, पण तिथली परकीय चलनाची गंगाजळी पुराआधीच तळाला चालली होती.

आपलं वेगळं आहे. भारत सरकारचं बहुतेक कर्ज रुपयात, अन् देणारे इथल्याच बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी. राज्यांचे रोखे रिझर्व्ह बँकेमार्फत लिलावात विकले जातात आणि राज्याराज्यांच्या दरांत फार फरक नसतो. त्यामुळे यवतमाळात सोयाबीन सडलं म्हणून महाराष्ट्राचा दर फारसा हलत नाही. बिल दुसऱ्या दारानं येतं. आपत्ती निधीत राज्याचा वाटा २५ टक्के, वर स्वतःची मदत, वर कर्जमाफी. २०१७ ची कर्जमाफी जाहीर झाली तेव्हा आकडा ३४,००० कोटींचा होता. मग कालव्याच्या कामाला निधी नाही म्हणतात, ते उगाच नाही.

मला यातलं सगळ्यात कामाचं वाटतं ते ग्रेनाडा या कॅरिबियन बेटदेशाचं. आपल्याकडे पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदाच्या पिकाचा अंदाज, ५० पैशांच्या आत आली की पीककर्जाचं पुनर्गठन होतं, तशी तरतूद त्यांनी २०१५ मध्ये थेट रोख्यांच्या करारातच घालून घेतली. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं आणि हप्ते पुढे ढकलले गेले. ही माफी नव्हे, थकलेलं व्याज मुद्दलात चढतं. पण ऐन गरजेच्या वेळी हातात रोकड राहते. शिवाय नुकसान किती, हे ठरवायला ना पंचनामा, ना नजरेनं बांधलेला अंदाज. कॅरिबियन देशांना वादळाचा विमा देणाऱ्या संस्थेनं काढलेल्या आकड्यावर कलम लागू होतं. आपल्या अमरावती विभागात अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर निघते, तोवर बराचसा कापूस विकून झालेला असतो.