मे महिन्यातलं लग्न आणि भरलेलं अंग: ब्रा, ब्लाऊज, परकर, पुरळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेमध्ये नागपुरातच दिराचं लग्न, चार साड्या नेसायच्यात. ब्लाऊज काखेत कापतो, छातीखाली लाल खाजरं पुरळ उठतं, साडीत चाललं की मांड्या सोलतात, आणि घरचे म्हणतात, आधी दहा किलो उतरव, मग शिवायला टाक.

शिवायला आत्ताच टाका, आज जे माप आहे त्या मापाचं. नीट खाऊन-पिऊन आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी खूप झालं. दोन महिन्यांत ते चार किलोपर्यंत जाईल आणि तेवढ्यासाठी ब्लाऊज आत घेणं हे शिंप्याचं दहा मिनिटांचं काम आहे. उलट, बारीक होऊ या आशेवर आवळून शिवलेला ब्लाऊज लग्नाच्या दिवशी वाढवता येत नाही. तुम्ही सांगितलेल्या त्रासांपैकी बहुतेक त्रास वजनाचे नाहीतच. चुकीच्या मापाचे आणि साचलेल्या घामाचे आहेत.

सुरुवात ब्रापासून करा, कारण ब्लाऊजचं माप तिच्यावरूनच घ्यायचं असतं. टेप स्तनांच्या लगेच खाली, श्वास सोडून, घट्ट धरून मापा. मग कमरेत वाकून छातीच्या सर्वांत भरलेल्या भागाचं माप घ्या, टेप न आवळता. समजा खालचं ३६ आणि वरचं ४१ इंच आलं. फरकातला प्रत्येक इंच म्हणजे कपचं एक अक्षर: १ ए, २ बी, ३ सी, ४ डी, ५ डीडी. म्हणजे तुमचा साइज ३६ डीडी. दुकानात मात्र बहुतेकदा खालच्या मापात ४-५ इंच मिळवून ४० किंवा ४२ बी हातात देतात, कारण मोठे कप ठेवलेलेच नसतात. मग काय होतं? सैल पट्टा पाठीवर वर सरकतो, सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर येतो, खांद्यात खाचा पडतात आणि स्तन खालच्या कातडीवर टेकून राहतो. तिथेच घाम अडकतो. तुमच्या पुरळाचं मूळ मला इथेच दिसतं.

३६ डीडी मिळाला नाही तर ३८ डी घ्या. कपाचं आकारमान तेच राहतं, पट्टा थोडा सैल होतो. मागे तीन हुकांची रुंद पट्टी बघा. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक सैल पडेल तसं आतल्या हुकावर यायचं. घालून आरशात पाठ बघा. पट्टा पुढे-मागे एका रेषेत हवा, आणि त्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत.

आता पुरळ. नागपूरचं ऊन कोरडं असलं तरी कुलर लावलेली खोली चांगलीच दमट असते, त्यामुळे घरी बसूनही कातडीच्या घडीतली ओल वाळत नाही. आंघोळीनंतर स्तन उचलून खालची जागा टिपून कोरडी करा, चोळू नका. मलमलीची स्वच्छ घडी तिथे ठेवा आणि ओली झाली की बदला. दुपारी ब्राही बदला. पावडर टाळा, कारण ती घामात भिजून गोळे होते आणि ते गोळेच कातडी घासतात.

चट्टा लालभडक, ओलसर असेल आणि कडेला सुटे सुटे छोटे पुरळ असतील तर तो बहुधा यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा संसर्ग असतो. १ टक्का क्लोट्रिमाझोल या बुरशीविरोधी औषधाचं साधं क्रीम दिवसातून दोनदा, पातळ थर, किमान दोन आठवडे. तीन दिवसांत खाज थांबली म्हणून सोडलंत तर ते परत येणार. जांघेत गोल, खवलेदार कडांचा चट्टा असेल तर तो गजकर्ण. त्यात घरी प्रयोग नकोत, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. एक गोष्ट कळकळीने सांगते: औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ मागून आणू नका. नावाखालचे घटक वाचा. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते, कातडी पातळ होते, कायमच्या रेषा उमटतात, आणि पुढे खरं औषधही लवकर लागू पडत नाही. पुरळ वर्षातून तीन-चारदा येत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळेपणा असला तरीही हीच तपासणी. तो मळ नाही, घासून जात नाही. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते.

मांड्यांसाठी साधा उपाय: परकराखाली गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी सुती-लायक्रा शॉर्ट्स, आतल्या बाजूला जाड शिवण नसलेली. नुसत्या परकरात मांडीला मांडी लागतेच, परकर कितीही चांगला असो. शॉर्ट्स नको असतील तर निघण्याआधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, आणि चार तासांनी पुन्हा.

परकराची नाडी मात्र हलक्यात घेऊ नका. वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन वयस्क स्त्रियांची प्रकरणं मांडली. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी करकचून बांधल्याने झालेली जखम भरली नाही आणि तिथे त्वचेचा कर्करोग झाला. त्यातल्या एकीची सवय आपल्याकडच्या लुगड्याची होती. असं क्वचितच होतं, पण नाडीखालचा काळा पट्टा आणि खाज घरोघरी आहे. पोट भरलेलं असलं की साडी सुटेल या भीतीने नाडी आणखी आवळली जाते. नाडीऐवजी तीन-चार इंच रुंद पट्टी आणि हुक असलेला परकर शिवून घ्या, भार पसरतो आणि निऱ्याही जास्त टिकतात. घरी आलं की लगेच सोडा. त्या जागी महिन्याभरात न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवायचीच.

ब्लाऊज काखेत कापतो याचं कारण बहुतेकदा मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) लहान आणि बाही अरुंद. शिंपी नुसत्या बाजूच्या शिवणी उसवून सैल करून देतात. त्याने काख कापायची थांबत नाही, वर गळा मात्र खांद्यावरून घसरायला लागतो. मुंढा अर्धा इंच खाली घ्यायला सांगा, त्याहून फार नको, नाहीतर हात वर केला की अख्खा ब्लाऊज वर येतो. दंडाचं माप हात कोपरात वाकवून घ्या आणि त्यात दीड इंच सैली धरा. तरी अडलं तर काखेत चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा. भरलेल्या छातीला एकट्या टक्सवर भागत नाही, कटोरी किंवा प्रिन्सेस कटच सांगा. साडीबरोबरचा ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटिमीटरचा असतो. लांब बाही हवी असेल तर तो अपुरा पडतो, गांधीबागेच्या कापडबाजारातून मिळतंजुळतं कापड आधीच आणून ठेवा. सुती अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून मगच द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगतं. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवायला सांगा. आधी एकच ब्लाऊज शिवून घ्या. तो घालून अंबाडा बांधा, वाकून वाढायला बसल्यासारखं करा, दोन्ही हात उंच करा. कुठे ओढलं ते टाचणीने दाखवा, मग बाकीचे तीन.

लग्नाआधी उपाशी राहून वजन उतरवायला जाऊ नका. पंचेचाळिशीच्या वर गेलेल्या पाऱ्यात ते धोक्याचं आहे. चालायचं तर सकाळी सहाच्या आत, अंबाझरी किंवा फुटाळा तलावाकाठी, सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्याच वेगाने. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं पुरेत. बीपी मोजताना दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) मागा. लहान कफवर आकडा खोटाच जास्त येतो आणि नसलेल्या आजाराच्या गोळ्या मागे लागू शकतात. मागायला संकोच करू नका, तो तपासणीचाच भाग आहे.

मांडवात ‘तब्येत भारीच सुटली वो तुमची’ असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका, खुलासाही देऊ नका. ‘हो, बरी आहे. तुम्ही जेवलात का?’ एवढं पुरतं. जवळची व्यक्ती रोज बोलत असेल तर एकदा बाजूला घेऊन सांगा: वजनाचं मी डॉक्टरांशी बोलते, तुम्ही त्यावर बोललात की मला जेवण जात नाही. आणि लग्नघर आपलंच आहे, तर मंडपवाल्याला बिनहातांच्या दहा-पंधरा खुर्च्या आधीच सांगून ठेवा. हातवाल्या प्लास्टिकच्या खुर्चीत मांड्या आवळतात आणि शालूची जर अडकते.

पुरळाची कड गोल आणि खवलेदार आहे की नुसती लाल-ओली, आणि आत्तापर्यंत कुठली ट्यूब लावलीत, हे कळवा. स्टेरॉइडची लावली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि दोन महिने उरलेत तर लग्नाची वाट न बघता याच आठवड्यात दाखवून या.