फुलाचं रॉकेट खरंच उडेल का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून पुठ्ठ्याचं साधारण दोन फुटी रॉकेट करतेय, वरच्या टोकाला कागदाच्या मोठ्या पाकळ्या लावल्यात, म्हणजे फूलच आकाशात चाललंय असं दिसेल. सगळ्यांसमोर उडवायचंय. उडेल ना? आणि मित्र म्हणतोय मोटर विकत कशाला, साखर-बिखर वापरून इंधन घरीच करू. करू का?

उत्तर: मित्राचं आधी निपटवते. अजिबात नको. घरी मिसळलेलं इंधन हातातच पेटू शकतं आणि बंद नळीत ठासलं की तो बॉम्बच झाला. १९५७ मध्ये स्पुटनिक गेला तेव्हा अमेरिकेत पोरं असलेच उद्योग करत होती, काहींनी बोटं गमावली, काहींचा जीव गेला. त्याच सुमारास ऑरव्हिल कार्लाइल नावाच्या एका बुटांच्या दुकानदाराने केलेलं कागदी रॉकेट आणि त्यात बसणारी तयार मोटर (म्हणजे आत इंधन भरलेली नळी) हॅरी स्टाइन या रॉकेट इंजिनिअरपर्यंत पोचली आणि कारखान्यात भरलेल्या मोटर्स विकायला आल्या. तशीच घ्या. वर सी६-५ असं काहीतरी लिहिलेलं असतं: अक्षर म्हणजे एकूण ताकदीचा वर्ग (पुढचं अक्षर साधारण दुप्पट), ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन जोर, ५ म्हणजे जळून झाल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर पडणार. जास्तीत जास्त किती वजन उचलेल तेही कंपनी सांगते, आणि त्यात तुमचा गोंद आणि रंगाचे चार हात पण धरायचे, हे आर्टवाले हमखास विसरतात!

आता पाकळ्या. वर लावल्या तर नाही उडणार, म्हणजे सुटेल पण लगेच कोलांटी मारेल आणि कुणाच्याही दिशेने जाईल. रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या केंद्रापेक्षा (म्हणजे हवेचा एकूण जोर जिथे लागतो त्या जागेपेक्षा) टोकाकडे हवा, निदान नळीच्या एका व्यासाइतका. वर मोठा पृष्ठभाग आला की दाबाचं केंद्र वर सरकतं आणि सगळं बिघडतं. बघायची सोपी युक्ती म्हणजे न वापरलेली मोटर आणि पॅराशूट आत घालून ते जिथे तोललं जातं तिथे दोरी बांधायची आणि डोक्यावरून गोल फिरवायचं, टोक पुढे राहिलं तर ठीक, आडवंतिडवं झालं तर टोकात थोडी माती भरा नाहीतर खालचे पंख मोठे करा. पाकळ्या हव्याच असतील तर खाली न्या, पंखच पाकळ्यांसारखे कापा, पण कडक, सारख्या अंतरावर आणि सारख्या मापाचे.

खरं सांगू, मी असते तर फूल पॅराशूटवर रंगवलं असतं. मोटर जळते जेमतेम दोन सेकंद, लोकांना नुसतं सुंईऽऽ ऐकू येतं आणि धूर दिसतो. खाली यायलाच जास्त वेळ लागतो, माना वर करून सगळे तेव्हाच बघतात. फक्त पॅराशूट फार मोठं नको, वाऱ्याने लांब जातं, आणि मोटर आणि पॅराशूटमध्ये वॅडिंग, म्हणजे न जळणाऱ्या कागदाचे बोळे, घालायला विसरू नका नाहीतर फूल जळूनच बाहेर येईल.

उडवताना रॉकेट सरळ सुटावं म्हणून साधारण मीटरभर लांब सरळ सळई, खाली पत्रा, वाळलं गवत नको, वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर असेल तर कार्यक्रम पुढे ढकला. वातीबितीने पेटवायचं नाही, बॅटरीवरचा लाँचर घ्या आणि त्याची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. डी मोटरपर्यंत किमान ५ मीटर लांब, त्याहून मोठीला ९, प्रेक्षक तर अजून मागे. मोठ्याने ५ पासून उलटे आकडे मोजा. नाही सुटलं तर किल्ली काढून पूर्ण १ मिनिट थांबा, मगच जवळ जा. जागेची आणि आकाशाची परवानगी कॉलेजमार्फत आधीच लेखी घ्या, विमानतळाजवळ तर विचारच करू नका.

आणि विजेच्या तारेवर अडकलं तर तिथेच राहू द्या, कोणी चढायचं नाही. त्यामुळे प्रदर्शनात मांडायचं रॉकेट वेगळं आणि उडवायचं वेगळं, दोन्ही आत्ताच बनवायला घ्या.