ॲपातली तारीख बदलू नका (आणि बांगडा बंद करू नका)

देवगडच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचाच जुना घोळ समोर उभा राहिला. गरोदरपणाचं ॲप म्हणतंय 32 आठवडे, परवाच्या कणकवलीच्या सोनोग्राफीत आलंय 30 आठवडे 1 दिवस, आणि काउंटरवर सांगितलं, "प्रसूतीची नवी तारीख ॲपात टाका." टाकू नका. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण हीच एक चूक आम्हाला सगळ्यात महाग पडली, म्हणून ठासून सांगतेय.

प्रसूतीची तारीख एकदाच ठरते. पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस हा ॲपचा हिशेब 28 दिवसांच्या पाळीवर बसवलेला असतो. कुणाची पाळी 38 दिवसांनी येत असेल तर ॲप दहा दिवस पुढे पळतं. म्हणून तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी बघतात, रिपोर्टात 'सीआरएल' लिहिलेली असते ती. पाळीच्या हिशेबाशी सात दिवसांपेक्षा जास्त फरक आला तर सोनोग्राफीची तारीख धरायची, नाहीतर पाळीचीच. एकदा धरली की शेवटपर्यंत तीच.

सातव्या-आठव्या महिन्यात मशीन बाळाचं वय नाही, आकार मोजतं: डोकं, पोट, मांडीचं हाड. एवढ्या आकाराचं बाळ सरासरीने 30 आठवड्यांचं असतं, इतकंच ते सांगतं. या दिवसांत तो अंदाज तीन आठवड्यांपर्यंत इकडेतिकडे जातो. म्हणजे हा नुसता अंदाजातला फरक असेल, तुमचं बाळ अंगानेच लहान असेल, किंवा त्याची वाढ मागे पडत असेल. यातलं कुठलं, हे डॉक्टरांनी बघायचं. तुम्ही तारीख पुढे ढकललीत तर ॲपात सगळं हिरवंगार दिसेल आणि मागे पडलेली वाढ झाकली जाईल. आमचं नेमकं तेच झालं, तेही असल्याच एका काउंटरच्या सल्ल्याने. नाव घेत नाही. ज्यांनी रिपोर्ट पाकिटात घालून द्यायचा त्यांनी सल्ले कशाला द्यावेत, हे मला आजवर कळलेलं नाही.

तेव्हा पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट शोधा आणि डॉक्टरांनी ठरवलेली तारीख ॲपच्या सेटिंगमध्ये टाका. काही ॲप फक्त शेवटच्या पाळीची तारीख मागतात. तिथे ठरलेल्या तारखेतून बरोबर 40 आठवडे मागे जाऊन तो दिवस टाकायचा. वार तोच येतो, त्यावरून हिशेब तपासता येतो. मग दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारा: वजन कितव्या पर्सेंटाइलवर आहे (म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांत खालून कितवं; 10 च्या खाली असेल तर जास्त लक्ष लागतं), गर्भजल पुरेसं आहे का, डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करायचं का, पुढची सोनोग्राफी कधी. आणि यासाठी पुढच्या तपासणीची वाट बघू नका, याच आठवड्यात जा.

बाळाच्या हालचाली मात्र ॲपात जरूर नोंदवा. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोजायचं, दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. कमी झाल्या, किंवा नेहमीपेक्षा बाळ गप्प वाटलं, तर ॲपात उत्तर शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

गोळ्यांचे अलार्म वाजत नाहीत म्हणालात. बहुतेक वेळा फोन बॅटरी वाचवायला ॲपला झोपवतो. सेटिंगमध्ये त्या ॲपचं बॅटरीवरचं बंधन काढा, 'ऑटोस्टार्ट' चालू करा. खरं सांगू? फोनचं साधं घड्याळच बरं. पावसात रेंज गेली तरी ते वाजतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये निदान दोन तास हवेत. कॅल्शियम न्याहारीबरोबर आणि रात्रीच्या जेवणाबरोबर, लोहाची गोळी दुपारी जेवणानंतर दीड तासाने, लिंबूपाण्याबरोबर. चारचा चहा गोळीनंतर तासभर तरी लांबवा, चहाने लोह अंगी लागत नाही.

दहा हजार पावलांचं लक्ष्य असेल तर आधी ते बंद करा. शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर पावलं मोजायची नसतात. पडवीत वीस-तीस मिनिटं चाललात तरी पुष्कळ. आणि 'बाळ या आठवड्यात ॲव्होकॅडोएवढं' हे वाचून हसायचं नि सोडून द्यायचं.

आता बांगडा. इंग्रजीत बांगड्यालाही मॅकरेल म्हणतात, पण ॲपातली 'मॅकरेल टाळा' ही यादी परदेशातली आहे. त्यांचा 'किंग मॅकरेल' मोठा, दुसरे मासे खाणारा, म्हणून त्याच्यात पारा साठतो. त्याच्या जवळची आपल्याकडची म्हणजे सुरमई, बांगडा नव्हे. बांगडा, तारली, मांदेली हे छोटे मासे नीट शिजवून आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल खा. मुशी बंद, मोठी सुरमई क्वचित. बीपी वाढलेलं असेल तर सुकट आणि खारवलेला बांगडा तेवढा लांब ठेवा, त्यातलं मीठ कुठलंच ॲप धरत नाही.