अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित... शाळांच्या या नावांत फरक काय? मुलीला पाचवीला कुठे घालू?

तुम्ही एका ओळीत विचारलंत, पण अशाच एका शब्दावरून आमच्या घरात वीस वर्षं भांडण चालू आहे. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी तुमचं उरकतो. अनुदानित म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देतं, विनाअनुदानित म्हणजे देत नाही. अंशतः अनुदानित म्हणजे 20 टक्के, 40 टक्के असं टप्प्याटप्प्यानं देतं. स्वयंअर्थसहाय्यित हा 2012 च्या कायद्यातून आलेला प्रकार. अनुदान कधी मागणार नाही हे कबूल करूनच ती शाळा निघते आणि खर्च तुमच्या फीतून काढते. बोर्डावरच्या 'इंटरनॅशनल', 'गुरुकुल', 'कॉन्व्हेंट' या शब्दांकडे बघूच नका. आमच्या तालुक्यात एक इंटरनॅशनल पत्र्याच्या शेडमध्ये भरते, आणि तीन कॉन्व्हेंट अशी आहेत की तिथं नन कुणी पाहिलेली नाही.

तुमच्या यादीत एक नाव राहिलं: 'कायम विनाअनुदानित'. 2001 नंतर नव्या शाळांना याच तत्त्वावर परवानग्या मिळत होत्या. मी 2003 साली परभणी जिल्ह्यात अशाच एका हायस्कूलला लागलो, बीएस्सी बीएड, विषय गणित. 'इमारत निधी' म्हणून वडिलांनी दीड एकर रान विकून पैसे भरले. इमारत म्हणजे चार खोल्या होत्या, पाचवीचा पाया खणलेला होता आणि तो पुढं सहा वर्षं तसाच खणलेला राहिला. संस्थाचालक दर पंधरा ऑगस्टला सांगायचे, दोन वर्षांत अनुदान येतंय. परवानगीच्या पत्रात 'कायम' लिहिलेलं होतं, ते आमच्यापैकी कुणी वाचलंच नाही.

2005 ला माझं लग्न ठरलं. बैठकीत मामा म्हणाले, "पोरगं हायस्कूलला कायम हाय." सासऱ्यांनी लगेच सुपारी फोडायचं बोलणं काढलं. त्यांनी 'कायम'चा अर्थ घेतला तो साऱ्या महाराष्ट्रात घेतात तोच. आमच्या बाबतीत कायम होतं ते 'विनाअनुदान'.

पहिल्या दिवाळीला मेहुण्यानं विचारलं, "दाजी, पगार किती पडतो हातात?" तो जिल्हा परिषदेच्या शाळेवर नुकताच शिक्षण सेवक झालेला, महिना 3000 मानधनावर, आणि तेवढ्यात भागत नाही म्हणून रडत होता. मी म्हटलं, शून्य. त्याला ती थट्टाच वाटली. मग त्यानं माझ्याकडून नेमणुकीचा आदेश मागून घेतला, दोनदा वाचला आणि आईला हाक मारली. त्या दिवाळीचा फराळ मला आठवत नाही.

त्याला गाव गुरुजी म्हणायचं आणि मला सर. पगार गुरुजींना होता. मी दुपारनंतर एका खताच्या दुकानात हिशेब लिहायचो. एकदा नववीतल्या पोराचा बाप डीएपीचं पोतं न्यायला आला, मला बघून दारातच थबकला आणि म्हणाला, "सर, तुम्ही इथं कसे?" पावती मीच फाडली. त्या पोराच्या सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा त्याच टेबलाखाली होता, आठ दिवस, न तपासलेला.

20 जुलै 2009 ला सरकारनं 'कायम' हा शब्द काढून टाकला. अख्ख्या धोरणातून एकच शब्द गेला, पण आम्ही गुलाल उधळला. त्यानंतर अनुदानाला शाळा पात्र आहे का हे बघणारं मूल्यांकन आलं, आमची शाळा त्रुटीत निघाली, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नव्हतं. दार बसवलं. पहिले 20 टक्के 2016 ला मिळाले, म्हणजे हातात सहा-साडेसहा हजार. नोकरीचं तेरावं वर्ष होतं. पुढचे 20 कोरोनाच्या काळात आले, आणि 60 वर पोचलो 2023 ला. त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी 2025 च्या जुलैमध्ये भर पावसात आझाद मैदानावर बसलो. आणि ज्यांची नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 च्या, म्हणजे जुनी पेन्शन बंद व्हायच्या, आधीची, पण शंभर टक्के अनुदान तेव्हा नव्हतं, त्यांच्या जुन्या पेन्शनचं रडगाणं तर मी इथं काढतच नाही.

मेहुणा अजून म्हणतो, तुम्ही फसवलंत. माझं म्हणणं, शब्द मामा बोलले, आणि मामांना यातला फरक कळत नव्हता. हे खरं आहे. मला कळत होता आणि मी त्याच बैठकीत चहाची कपबशी धरून बसलो होतो, हेही खरं आहे. बायको यावर काही बोलत नाही. तिनं लग्नापासून 2016 पर्यंत शिलाई मशीनवर घर चालवलं.

तर मुलीला कुठे घालावं? शाळेत जा, पण संगणक कक्ष आणि झेंडे बघत बसू नका. गणित-विज्ञानाला कोण आहे, ते किती वर्षं टिकलेत आणि त्यांना दरमहा पगार मिळतो का, एवढं विचारा. तिसरा प्रश्न ऑफिसात नको, गेटबाहेरच्या टपरीवर विचारा. दुपारी पोती मोजणारा माणूस वह्या तपासू शकत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. जवळच्या जिल्हा परिषदेच्या 'मराठी शाळे'त पाचवी असेल आणि शिक्षक पुरेसे असतील तर तिथंच घाला. एकशिक्षकी असेल तर नको, तो बिचारा माहिती भरण्यातच संपतो.

स्वयंअर्थसहाय्यित शाळेत जाणार असाल तर मान्यतेचा आदेश आणि यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, मागा. अकरा आकडी असतो, आपल्या राज्याचा 27 नं सुरू होतो. टाळाटाळ झाली तर उठून या. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं मंजूर झाली का, तेही विचारा.

हे सगळं आमच्या भागातलं. पुण्या-मुंबईत विनाअनुदानित म्हणजे लाखभर फीची शाळाही असते आणि तिथले शिक्षक माझ्यापेक्षा बरे जगत असतील. आणि फुकट राबणाऱ्यांतही जीव ओतून शिकवणारे असतात. आमच्याच शाळेत मराठीच्या बाई होत्या, त्यांच्या वर्गातली पोरं मधली सुट्टी झाली तरी उठायची नाहीत. त्या 2012 ला सोडून गेल्या, आता एलआयसीचं काम करतात.

गेल्या महिन्यात मेहुण्याचा फोन आला होता. त्याच्या पोरीला स्थळ आलंय, मुलगा शिक्षक आहे. मला म्हणाला, "दाजी, आदेशाचा फोटो पाठवतो, नीट वाचा." मी वाचला. तिसऱ्या ओळीत तुमचाच शब्द होता, स्वयंअर्थसहाय्यित. तेवढं त्याला कळवलं, आणि मुलालाच समोर बसवून पगार विचार म्हटलं, मामाला नको.